मधल्या खोलीची लाईन

४ जानेवारी १९८२
आज औरंगाबादेत माझं बिऱ्हाड लागलं. एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि वायरमनची पिशवी. चिकलठाण्याला कारखान्यात नोकरी आणि उस्मानपुऱ्यात घर. आता पैठणला सासरे मिशीला पीळ देत सांगतील, जावई शहरात लागले म्हणून. घर धाब्याचं, एका रांगेत तीन खोल्या. पुढच्या दोन माझ्या, मागच्या खोलीत घरमालकीण सारजाबाई. बाई भली आहे, आल्याआल्या भाकरी-पिठलं दिलं. वायरिंग मात्र निजामाच्या वेळचं. लाकडी पट्ट्या, कापडात गुंडाळलेल्या वायरी, बोट लावलं की कापड भुगा होऊन गळतं. बायको, आवडा, तान्ह्या पोरीला घेऊन संक्रांतीनंतर माहेराहून येईल. त्याआधी सगळं बदलायचं ठरवलं आहे. पोरीच्या पाळण्यावर असलं जळकं वायरिंग मला नको. सारजाबाईंनी एकच अट घातली, मधल्या खोलीतला झिरोचा बल्ब विझवायचा नाही.

७ जानेवारी
पुढची खोली झाली. कामाला लागलो की मेनचा फ्यूज काढून खिशात टाकतो, ही आमच्या उस्तादाची शिकवण. फ्यूज आपल्या खिशात म्हणजे जीव आपल्या हातात. तेवढा वेळ तो बल्बही बंद, म्हणून सारजाबाई मधल्या खोलीत समई लावून बसल्या.

चहा घेताना विचारलं, तेव्हा सांगितलं. त्यांचा मुलगा बन्सी याच खोलीत लाईनवर काम करताना गेला. करंटनं झटकलं असतं तर वाचला असता, पण धरलं. सुनेनं त्याला ओढायला हात घातला आणि तीही गेली. बाई म्हणाल्या, "धरलेल्या माणसाला हात लावायचा नाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, बाबा."

माणूस गेला त्या जागी दहा दिवस दिवा ठेवतात. मग तो काढायचा, आणि खाली पसरलेल्या पिठावर काय उमटलं ते बघायचं, जीव कुठं गेला ते कळतं. यांनी दिवा काढलाच नाही. काढला की लेक जाणार, म्हणून तेलाच्या दिव्याच्या जागी बल्ब लावला आणि तोच चालू ठेवला. ऐकून गलबललं. पण जुनी वायर ती जुनीच.

१० जानेवारी
मधली खोलीच बाळंतिणीला बरी, वाऱ्याचा शिरकाव नाही. बाज टाकली. पाळण्याचा आकडा नेमका त्या वायरीखाली येतो. सारजाबाई तीळ आणायला बाहेर गेल्या होत्या. म्हटलं, पाच मिनिटांचं काम, म्हातारीला कळणारही नाही. फ्यूज खिशात टाकला आणि वायर कापली. बल्ब विझला. समई मी लावली नाही.

फ्यूज खिशात असताना दणका बसला. नवी वायर ओढून बल्ब लावला, तो लागलाही. पण डाव्या हाताची बोटं अजून बधिर आहेत.

सारजाबाई आल्या आणि बघताक्षणी समजल्या. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी बल्बखाली पीठ पसरलं आणि वर टोपली पालथी घातली.

११ जानेवारी
सकाळी टोपली उचलली. पिठावर पंजा होता. डावा, करंगळी वाकडी. माझी करंगळी लहानपणी गाडीच्या चाकात सापडून वाकडी झाली आहे. सारजाबाईंनी माझ्या हाताकडे पाहिलं. "त्याला जायला दुसरी वाट नव्हती," एवढंच म्हणाल्या. दुपारी गाठोडं बांधून भावाच्या गावी गेल्या. मी पीठ झाडून काढलं.

१२ जानेवारी
आवडाचं कार्ड आलं, भावाकडून लिहून घेतलेलं. पोरगी हसायला लागली आहे. मी तिला अजून पाहिलेलं नाही. कार्ड दोनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता, पण काहीच झालं नाही. भाताचं पातेलं उतरवलं, बोटं भाजली, ते फोड आल्यावर कळलं.

१३ जानेवारी
कारखान्यात सोबतच्या बिरूनं मागून खांद्यावर थाप मारली आणि आडवा झाला. दवाखान्यात शुद्धीवर आला. साहेबांनी मला घरी पाठवलं, दोन हात लांब उभं राहून.

मेन बंद केला. फ्यूज खिशात. टेस्टर घेऊन स्वतःच्या मनगटाला लावला.

टेस्टर पेटला.

भीती वाटायला हवी. वाटत नाही. हात कोपरापर्यंत बधिर.

१४ जानेवारी. संक्रांत
आवडाला 'येऊ नको' अशी तार करायला गेलो. पोस्ट बंद. परतताना एक मांजर पायात घोटाळलं— तिथंच पडलं.

खांदा गेला. जीभ जड. घरातले सगळे बल्ब काढले. तरी मधली खोली उजळते, मी आत गेलो की.

आवडा उद्या निघणार नाही. करीच्या दिवशी कुणी निघत नाही.

१५ जानेवारी. करिदिन
निघाली. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला— खिडकीतून दिसली, पोरगी खांद्याशी—

धावत जाऊन आतून कडी लावली. डावा हात कडीवर चिकटला. निघत नाही. उजव्यानं लिहितो आहे.

बांगड्या वाजल्या. हाक मारते आहे. मला ओ देता येत नाही.

'हात लावू नको' लिहून कागद फटीतून सरकवला. तिला वाचता येत नाही. विसरलो होतो.

पोरगी रडते आहे. आवाज पहिल्यांदा ऐकला. आता— आता वाटतं आहे. सगळं एकदम—

बाहेरचा कोयंडा आणि आतली कडी एकाच लोखंडाची— आरपार—

धरलेल्या माणसाला— आवडा, तुला मी कधी सांगि