उणे दीड जीबीचा ढोल

तामाले, मंगळवार

तीर्थरूप सुलेमाना मामांस,

वुम्पिनीचा वाकून सलाम. अक्राची दमट हवा तुमच्या गुडघ्यांना मानवली असेल आणि सूनबाईंचा टीझेड, म्हणजे आपला मक्याच्या पिठाचा गोळा, आता तरी घट्ट होत असेल, अशी आशा. इथे हरमॅटनच्या कोरड्या वाऱ्याने आणि धुळीने सगळ्यांचे ओठ फुटलेत, बाकी ठीक.

पत्रास कारण, तुम्ही रेकॉर्ड केलेलं नापारी आजोबांचं ढोलवादन मरता मरता वाचलं. (आजोबा तर गेलेच, ढोलावर त्यांनी सांगितलेली राजांची वंशावळ दुसरीकडे कुठेही नाही.) आमच्या रेडिओ केंद्राच्या वेबपानावर ती फाइल चढवली, तर तिचा आकार ‘उणे दीड जीबी’ दिसू लागला. संचालक अल्हाजी इद्रिसूंनी निदान केलं की फाइल सडली, सर्व्हरवर जागा हवीच आहे तर आधी हीच पुसा. मी म्हटलं, काटा उणे वजन दाखवतो म्हणून कोणी बोकड फेकून देत नाही. (बोकडाचं नाव काढायला नको होतं, ते जेवायलाच उठले.) जाताना एवढंच म्हणाले, “शुक्रवारपर्यंत आकडा सरळ कर, पोरी. नाहीतर मी पुसतो.”

मीही हट्टाला पेटले. आकार साठवायला प्रोग्रॅममध्ये जी जागा ठेवली होती, तिच्यात दोन जीबीपर्यंतचाच आकडा मावायचा. फाइल अडीचची, म्हणून तो उलटून उण्यात जायचा. जागा मोठी केली, तरी उणे ते उणेच. मग कळलं की डेटाबेसातला रकानाही तेवढाच अरुंद. (हा प्रोग्रॅम लिहिणारा आता कुमासीत कोंबड्या पाळतो. फोन केला तर म्हणाला, तेव्हा एवढी मोठी फाइल कोणाकडे होती?) तो रकाना रुंद केला, मोठमोठ्या फाइली घालून तपासलं, आणि पानावर अडीच जीबी उमटले. अल्हाजी ढोल ऐकत बसले, डोळे पुसले, आणि शुक्रवारी हे सबंध प्रसारित करायचं असा हुकूम सोडला.

मामीला सलाम सांगा.

तुमची भाची,
वुम्पिनी

ता.क. अल्हाजींनी सबंध ऐकलेलं नाही. ढोल संपल्यावर तुम्ही यंत्र बंद करायला विसरलात. पुढे तुम्ही आणि आजोबा कोलाच्या बिया चघळत अल्हाजींच्या लग्नातल्या नाचाबद्दल बोलताय. बरंच बोलताय. नक्कलही करताय.

आणखी एक. तेवढं कापायला क्षणही लागणार नाही, पण मी कापणार नाही. आजोबांचं हसू फक्त तिथेच आहे. तेव्हा शुक्रवारच्या आत तुम्हीच अल्हाजींना फोन करा आणि माफी मागून ठेवा.