सोंड आणि मोजा

४ मार्च
इतके दिवस काही लिहिलं नाही, याबद्दल स्वतःची माफी मागतो. कारण सबळ आहे. महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, फुगली आहे. उशीर केला तर फुटेल म्हणतात. सर्जन छाती उघडून वरचा भाग बदलणार आणि नव्या नळीचं मोकळं टोक खाली लोंबतं ठेवणार. त्याला ते हत्तीची सोंड म्हणतात. मग दुसरे डॉक्टर जांघेतून तार घालून त्या सोंडेत स्टेंट बसवणार. मी घाबरलेलो नाही. फक्त जोडाबद्दल तात्त्विक शंका आहे. ती फिटली की लगेच ॲडमिट.

६ मार्च
शंका प्रयोगानेच फिटेल. बागेचा पाइप कापला. सोंड म्हणून माझा मोजा बोटांकडे कापून त्याला शिवला, स्टेंट म्हणून आत बॉलपेनची स्प्रिंग. बेसिनच्या नळाला लावून पाणी सोडलं. जोड सुटला. मुक्कामाला आलेल्या सासूबाई नेमक्या समोर. चष्मा पुसत म्हणाल्या, "जावईबापू, ऑपरेशन तेवढं दुसऱ्याकडून करून घ्या."
विज्ञानाला घरातून कधीच साथ नसते.

७ मार्च
दवाखान्यातून फोन. बेड रिकामा आहे, कधी येताय? म्हटलं, अजून गळती आहे. सिस्टर हादरल्या, ॲम्ब्युलन्स पाठवते म्हणाल्या. गळती मोज्यातून आहे हे कळल्यावर ॲम्ब्युलन्स रद्द केली आणि पुन्हा विचारलं, कधी येताय?
मी चालढकल करतोय का? प्रामाणिकपणे विचार केला. नाही.

१० मार्च, संध्याकाळ
जाड लोकरी मोजा. तोही सुटला. अशा परिस्थितीत ॲडमिट होणं बेजबाबदारपणाचं ठरेल.

१२ मार्च
पाइप घेऊन दोन्ही डॉक्टरांना भेटलो. बायको बरोबर. दोघांत मतभेद होतील, निदान मुदत तरी वाढेल, अशी अपेक्षा होती. त्यांनी मोजा आळीपाळीने न्याहाळला. सर्जननी विचारलं, यातले वाचले किती? खरं सांगणं भाग होतं. एकही नाही. मग हे काम आमच्याकडेच असू दे, म्हणाले. तारवाल्या डॉक्टरांनी मान डोलावली. इतकं एकमत मी आमच्या सोसायटीत कधी पाहिलं नाही.
जिन्यात बायको थांबली. "तुझा पाइप फुटला की मी फरशी पुसते. तू फुटलास तर काय पुसू?"
तात्त्विक उत्तर तयार होतं. ते बाजूला ठेवलं. कठडा धरून पायरीवर बसलो आणि म्हटलं, भीती वाटते. ती म्हणाली, माहीत आहे. चांगला मोजा कोणी उगीच कापत नाही.

उद्या : बायको टॅक्सी बोलावेल तेव्हा निमूट आत बसणे.