तू राहतेस तो देश नाहीच म्हणे

प्रिय ताई,

धाकटीचा वाकून नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली फक्त कागदावरच वाकते.) तुझ्या कंबरेला शेक चालू आहे ना? भावोजींचं शिलाई मशीनच्या टाक्यांसारखं शिंकणं अजून तसंच आहे का? सगळं बयाजवार कळव. त्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर दे, आणि रागावू नकोस. तू बत्तीस वर्षं ज्या देशात राहतेस, तो देश आहे ना?

कारण आमच्याकडे आलेल्या बातमीप्रमाणे तो नाही. तिथे नुसता समुद्र आहे, आणि तीन-चार सरकारांनी मिळून नकाशावर तो मुद्दाम रंगवला आहे. तिथली माणसं पगारी नट आहेत. यांनी ऐकल्याबरोबर नवी फाइल उघडली आणि मला हळूच विचारलं, "अगं, ताईंना पेन्शन कोणतं सरकार देतं?"

तुला ठाऊक आहे, यांनी चौतीस वर्षं कचेरीची रेकॉर्डरूम सांभाळली. तीन सह्या झाल्याशिवाय तिथला कागद हलत नसे. आता यांच्या जुन्या सहकाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, आणि त्यावर जगभरच्या सरकारांची कारस्थानं येतात. एका देशाने खऱ्या चिमण्या काढून बॅटरीच्या सोडल्या आहेत, दुसऱ्याने चंद्र भाड्याने दिला आहे. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून रोज चारच्या चहाबरोबर ते मी मोठ्याने, आवाज काढून वाचते आणि हे ऐकून फाइल करतात. तीन देशांतून दुजोरा आला की फाइल बंद, म्हणजे गोष्ट खरी. हसू नकोस. कॉन्व्हेंट शाळेत मदरच्या कुलूपबंद कपाटात पळून गेलेल्या मुलींच्या वेण्या ठेवल्या आहेत, हे तूच मला सांगितलं होतंस आणि मी चौथीपर्यंत केस घट्ट धरून त्या कपाटापुढून जात होते. (ते उघडलं तेव्हा आत खडू निघाले. मला इतकं वाईट वाटलं!)

तर यांचं ऑपरेशन अडलंय ते अकराव्या फाइलवर. मोतीबिंदू काढून जे भिंग बसवतात, त्यातून सरकार घरात बघतं म्हणे. डोळ्यांचा डॉक्टर पोरगेलासा आहे, गोड आहे. तो म्हणाला, "काका, तुमच्या घरात सरकारने बघण्यासारखं काय आहे?" हे म्हणाले, "तेच तर ते सांगत नाहीत!" (मी भरतकाम केलेले पडदे आहेत, पण माझं कोण ऐकतो.) इकडे हे दोरीवरच्या माझ्या गाऊनला "या, बसा" म्हणतात आणि चहा कपाच्या शेजारी ओततात. इथवर मी हसत होते. गेल्या महिन्यात एका मंगळवारी जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि हे हातांवर पडले. हाड वाचलं. डॉक्टर म्हणाला, डावा डोळा दोन महिन्यांत केला नाही तर पुढे काही खरं नाही.

म्हणून मी आयुष्यातलं पहिलं कारस्थान रचलं. एका देशातलं सरकार म्हाताऱ्यांची ऑपरेशनं मुद्दाम लांबवतं, म्हणजे त्यांना पेन्शनच्या कागदावरची बारीक अक्षरं दिसायला नकोत! चारच्या चहाला ते ग्रुपवर आल्यासारखं वाचलं, आणि हे ताठ बसले. आता दुजोरे हवेत, तेही पोस्टाच्या शिक्क्यासकट. तुझ्या मुलाने त्याच्या देशातून पत्र पाठवलं. शाळेतली माझ्या बाकावरची मैत्रीण आता स्वतःच दुसऱ्या एका देशातल्या कॉन्व्हेंटात सिस्टर झाली आहे. ती खोटं लिहिणार नाही म्हणाली, पण "असं ऐकिवात आहे" इतकं लिहिलं. (ऐकवलं मीच होतं.) तिसरं पत्र तुझं. फक्त तुझा देश नसल्यामुळे त्याचा शिक्का चालणार नाही. तेव्हा कंबर सांभाळून, भावोजींना गाडी काढायला सांगून, सीमेपलीकडच्या देशात जा आणि तिथून पत्र टाक. दोनच तासांचा तर रस्ता.

तुझीच,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात हे शेजारी येऊन बसले. म्हणाले, "ऑपरेशननंतर मला माझं माझं वाचता येईल, नाही?" मी म्हटलं, येईल की. यांनी कप बशीत फिरवला. मग म्हणाले, "मग चार वाजता तू काय करशील?"

ताई, अकरा फाइली लावल्या गं या माणसाने, आणि मी वेडी सरकारवर रागावले होते. म्हटलं, अहो, तुम्हाला वाचता आलं तरी चिमण्यांचे आवाज काढता येणार आहेत का? मीच वाचणार. यांनी फाइल पुढे ओढली, चाचपून तिसऱ्या दुजोऱ्याचा रकाना शोधला आणि माझ्या हातात पेन दिलं. तिसरी सही माझी आहे. तीन आठवड्यांनी, गुरुवारी ऑपरेशन.

ता. क. २ : तेव्हा सीमा ओलांडू नकोस. पण डोळ्यावर पट्टी असताना आठवडाभर वाचायला माझ्याकडे काही शिल्लक नाही, त्या ग्रुपवर सध्या नुसती फुलं येताहेत. तुझ्या नसलेल्या देशातलं एखादं कारस्थान पाठव. लांबलचक असू दे, पात्रंही भरपूर. चार वाजताचा चहा निवला तरी चालेल.

आणि तू आहेस ना, तेवढं आधी कळव.