मास्तरांच्या फर्म्यांना कुलूप नको

मी, खाली सही करणारी, मास्तरांची विधवा, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. खात्री करायला डॉक्टरांनी आज वार कोणता ते विचारलं. मी वार सांगितला आणि त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं आहे हेही सांगितलं. त्यांनी लगेच दाखला लिहून दिला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं काही नाही.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, शिवणाच्या दुकानातले, कापड बेतणारे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं सगळं मी वाचनालयात बसून वाचलं. तेव्हा या कागदातली भाषा वकिलांनी सुधारू नये. ती माझी आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक थोरल्या मुलाला आणि धाकट्या मुलीला समसमान. घराबाबतची अट पुढे कलम ६ मध्ये आहे. ती आधी वाचू नये.

२. शिवणयंत्र, इस्त्री आणि सगळ्या कात्र्या धाकटीला, कारण दुकान ती चालवते. मोठ्या कात्रीने कागद कापला तर मी जिथे असेन तिथे मला कळेल.

३. जाऊबाईंनी माझ्या शिवणयंत्राला लावायचा, काजं करायचा पाय नेला तो नेलाच. तो त्यांच्याकडेच राहावा. फक्त मला ठाऊक होतं, एवढं त्यांना हे कलम वाचून दाखवावं, शक्यतो चार लोकांत.

४. संगणक दोन आहेत. दोन का, ते सांगावं लागेल.

मास्तरांचा हात थरथरू लागला आणि खडूची रेघ वाकडी जाऊ लागली, तेव्हा थोरल्याने पहिला संगणक आणला आणि त्यात कपडे बेतायचा विकतचा प्रोग्राम घालून दिला. असे प्रोग्राम विकण्याचीच त्याची नोकरी. माउसने रेघ सरळ यायची. त्या रेघेच्या जोरावर मास्तर शेवटपर्यंत कामात राहिले. थोरल्याचं हे देणं मी विसरलेले नाही आणि धाकटीनेही विसरू नये. मास्तरांनी आपले सगळे फर्मे, म्हणजे बेतायचे नमुने, त्या प्रोग्राममध्ये उतरवले आणि जुने कागद रद्दीत दिले.

मग मास्तर गेले. त्या दिवसांत प्रोग्रामची वर्षाची वर्गणी भरायचं कुणाच्या डोक्यात नव्हतं. ती संपल्यावर प्रोग्राम फर्मे पडद्यावर दाखवायचा, पण छापू द्यायचा नाही. गिऱ्हाईक कोटासाठी खोळंबलेलं. मी आणि धाकटीने पडद्याला बटर पेपर चिकटवला, फर्मा पेन्सिलने गिरवला आणि चौकटी आखून सगळं एकाच पटीत वाढवलं. कोट झाला. पण पाठ एका माणसाची आणि बाह्या त्याच्या मुलाच्या, कारण बाही पडद्यात मावावी म्हणून आम्ही मधेच चित्र लहान केलं होतं. गिऱ्हाईक सज्जन. कोपराकडे बघत म्हणाले, "हात धुवायला बरं पडेल."

हे ऐकून थोरल्याने वर्गणी स्वतःच्या नावाने भरली. तेव्हापासून फर्मे त्याच्या पासवर्डमागे आहेत. धाकटीने दुसरा संगणक आणला, मुक्त सॉफ्टवेअरचा. म्हणजे ज्याला वर्गणी नाही, जे कुणीही घ्यावं आणि आतून उघडून बघावं. त्यावरून दोघांचं याच खोलीत वाजलं.

"फुकटात कुणी चांगलं देतं का? उद्या बंद पडलं तर फोन कुणाला लावशील?"

"आणि तू वर्गणी भरायचा कंटाळा केलास तर बाबांचं काम मी उघडू कशी, दादा?"

"मी कंटाळा करीन?"

"तो उसवलेला राखी शर्ट शिवायला द्यायचा म्हणून तू अजून पिशवीत घेऊन फिरतोस."

तेव्हापासून तो शनिवारी येतो आणि ती रविवारी. मला प्रत्येक बातमी दोनदा सांगावी लागते आणि दुसऱ्यांदा ती रंगत नाही.

दोन्ही प्रोग्रामचे करारनामे मी अख्खे वाचले. सून म्हणाली, "अहो आई, ते कुणी वाचत नाही. खाली जाऊन 'मान्य' दाबायचं." मी म्हटलं, "मग बिचाऱ्याने लिहिलं कुणासाठी?" विकतचा म्हणतो, प्रोग्राम आमचा, तुम्ही फक्त वापरा. मुक्तवाला म्हणतो, तुमचाच समजा, पण बिघडला तर आम्हाला धरू नका. दोघेही खरं बोलतात, हे मला आवडलं. विकतचा देखणा आहे आणि फोन केला तर माणूस बोलतो. मुक्तवाल्याने माझ्या प्रिंटरशी बरेच दिवस अबोला धरला होता. शेवटी कुण्या अनोळखी बाईने इंटरनेटवर लिहून ठेवलेला उपाय केला तेव्हा त्यांचं जमलं. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही, पण आभार इथे मांडते. तरीही मी मुक्तवाल्याच्या बाजूने आहे. मास्तरांनी जन्मात कधी कात्री भाड्याने आणली नाही. त्यांचं कसब भाड्याच्या पेटीत राहावं हे मला पटत नाही.

सबब, थोरल्याने दिलेला संगणक धाकटीला आणि धाकटीचा थोरल्याला. तक्रार चालेल, पण निदान वर्षभर वापरल्यावर.

५. मास्तरांचा प्रत्येक फर्मा कुठल्याही संगणकावर उघडेल अशा रूपात साठवावा. एक प्रत दुकानात आणि एक वाचनालयाच्या संगणकावर ठेवावी. शिवणाऱ्या कुणालाही ती मोफत मिळावी. जो फर्म्यात सुधारणा करील त्याने ती परत तिथेच आणून ठेवावी. दुसरा शिंपी दुकानात शिरला की मास्तर फर्मा उलटा करून वर चहाचा कप ठेवायचे. तेव्हा त्यांना हे आवडणार नाही. भेट झाली की मी समजावीन. तसंही त्यांना सांगायचं फार साचलंय.

६. कलम ५ चं काम थोरल्याने आणि धाकटीने एका टेबलाशी बसून करायचं. पासवर्ड त्याच्याकडे आहे, आणि कुठली रेघ बाहीच्या मुंढ्याची नि कुठली गळ्याची ते तिलाच कळतं. एकेकट्याने केलेलं धरलं जाणार नाही. ते पुरं होईपर्यंत घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही आणि पुढच्या खोलीतला हिरवा सोफा जागचा हलवायचा नाही. तो दोघांनाही बघवत नाही, हे मी जाणून आहे.

७. हे सगळं अमलात आणायचं काम सुनेकडे. तिला दोघेही घाबरतात.

सही करण्याआधी हा कागद मी दोघांना एकाच दिवशी बोलावून वाचून दाखवला. तेव्हा जे झालं तेही लिहिते, म्हणजे आईने परस्पर केलं असं पुढे कुणी म्हणू नये.

थोरला म्हणाला, "आई, तू गेल्यावर आम्हाला एकत्र बसवणार?"

मी म्हटलं, "असताना बसत नाही म्हणून."

तो तणतणत संगणकापाशी गेला आणि त्याने पासवर्ड टाकला. मास्तर फर्म्यांना गिऱ्हाइकांची नावं देत नसत, खुणा देत. 'पोट पुढे'. 'मान आखूड, घाई फार'. थोरला वाचता वाचता थांबला आणि कितीतरी दिवसांनी बहिणीशी बोलला.

"'एक खांदा खाली, सांगायचं नाही.' हा कोण गं?"

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच 'सांग' म्हटलं.

"तू," ती म्हणाली. "लहानपणी जिन्यावरून पडलास तेव्हापासून. बाबा तुझ्या प्रत्येक शर्टात तो खांदा उचलून बेतायचे."

"काहीतरीच." तो उठून आरशासमोर गेला. अंगात दुकानातून आणलेला तयार शर्ट होता. दोन्ही खांदे हाताने चाचपले. "म्हणून हे तयार शर्ट मला कधीच धड बसत नाहीत," असं आरशालाच म्हणाला. मग येऊन बसला आणि शेजारची खुर्ची पायाने बहिणीकडे सरकवली.

"हा आधी घे," तो म्हणाला. "सगळ्यांना उघडेल असा."

तो एक फर्मा माझ्यादेखत झाला. बाकीचे राहिलेत, म्हणून कलम ६ जसंच्या तसं ठेवते. सोफाही.

साक्षीदार १: डॉक्टर, वर कॅलेंडरचा उल्लेख आहे तेच (सही)
साक्षीदार २: वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई (सही). दोघांनाही यातून काही मिळणार नाही. माझ्या उशाशी राहिलेली पुस्तकं बाईंनी न्यावीत, ती त्यांचीच आहेत.

लिहून देणार: मास्तरांची बायको (सही)
ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
दिनांक: ६ ऑक्टोबर, रविवार. शनिवारवालाही आलेला.