गोठ्यातला ओलावा मोजताना

आये,

माघात शहापुराहून सामान आलं. धिंगरी अळंबीच्या बियाण्याच्या पिशव्या, सुतळीचं बंडल आणि हवेतला ओलावा नि उष्णता मोजायचा, तळहातावर मावेल एवढा मीटर. मीटर साडेतीनशेचा. तेवढ्यात घरात दोन किलो तेल येतं, हे मी बोलले नाही, वहीत मात्र लिहिलं. सामान सुनेनं मागवलं. गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच होता, तिथं तिनं पेंढा भरलेल्या पिशव्या टांगल्या आहेत. मुलगा वाशिंदच्या कारखान्यात लागलाय, तिथंच खोली घेतलीय. सून म्हणाली, "आई, अळंबी निघाली तर मी हितंच राहीन, ते येऊन-जाऊन करतील. नाय निघाली तर पोरीला घेऊन मला पण जायला लागंल." रागानं नाही गं म्हणाली.

मीटर वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. आधी त्याचीच परीक्षा. तिनं माझ्या बरणीतलं मीठ घेतलं, चिखलासारखं भिजवलं आणि वाटीत घालून मीटरसकट घट्ट झाकणाच्या डब्यात दिवसभर ठेवलं. ओल्या मिठावर कोंडलेली हवा पंचाहत्तर टक्केच ओलावा दाखवते म्हणे. आमच्या मीटरनं एकाहत्तर दाखवले. मग त्याच्या पाठीवर तिनं कागद चिकटवला, 'चार मिळवा'. ह्यांनी दारातून विचारलं, "गोठ्याला ताप आलाय काय गो?" ती हसली, मीही हसले. मीटर मुठीत धरायचा नाही, हाताची ऊब लागते. ओलाव्यासाठी भिजवून लावलेल्या गोणपाटाजवळ नाही, दाराशी नाही. पिशव्यांच्या उंचीला सुतळीनं टांगायचा आणि आकडा ठरेस्तोवर लांब उभं राहायचं. पहिल्या दिवशी चष्मा नव्हता म्हणून मी अगदी जवळ वाकले, तशी ती म्हणाली, "आई, तोंड लांब करा. तुमचा श्वास मोजतोय तो."

तिथंच मला आपलं मुरबाडकडचं घर दिसलं. नवरात्र आहे, चुलीमागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट बसलाय. मी कोंब बघायला ओणवी होते आणि तू पाठीत धपाटा घालतेस, "तोंड बाजूला कर गो. देवीच्या धान्यावर फुंकू नये." तू स्वतः तोंडाला पदर लावून नुसता हात वरून फिरवायचीस आणि मग किती पाणी शिंपायचं ते ठरवायचीस. मीही आता तसाच पदर लावून मीटर वाचते. सुनेला वाटतं, वासानं.

शिमगा झाला आणि विहीर तळाला गेली. नळाला दिवसाआड येणारं पाणी आता येईल तेव्हा येतं. पिण्याचं बाजूला ठेवून उरेल त्यात आम्ही गोणपाटं भिजवतो, दुपारपर्यंत ती खडखडीत. पिशव्यांना टाचणीच्या डोक्याएवढे कोंब आलेत आणि कडेनं पिवळे पडू लागलेत. ओलावा ऐंशी तरी हवा. मीटर सांगतो अठ्ठावन्न, चार मिळवून बासष्ट. बरोबर सांगतो, त्याची काही चूक नाही. पण बरोबर कळून मी करू काय? देवीचं नाव घेते, वाचते, चार मिळवते, लिहून ठेवते. सून आता आकडा विचारत नाही. काल ती पोरीचे कपडे पेटीत घालत होती. मी दारात उभी राहिले तर म्हणाली, "नुसत्या घड्या करतेय."

एका वर्षी आपला घटही असाच वाळला होता. तरी दसऱ्याला तू होते तेवढे कोंब बाबांच्या टोपीत नि माझ्या वेणीत खोवलेस आणि कुणाला काही बोलू दिलं नाहीस. तेव्हा तुझ्या मनात काय होतं ते विचारायचं माझं वय नव्हतं.

आज सून पाण्याला गेली होती. मी पदर काढला, मीटर तोंडाशी धरला आणि हळूच फुंकर घातली. चार न मिळवताच आकडा ऐंशीच्या वर गेला. तो उतरेपर्यंत मी बघत राहिले. हा आकडा वहीत लिहिलेला नाही. तू गेलीस तिथं टपाल पोचत नाही, हे पत्रही देव्हाऱ्यात देवांच्या टाकांखाली राहील. तरी त्या वर्षी घट वाळत होता तेव्हा, कुणी बघत नसताना तू काय केलंस, तेवढं उलट टपाली कळव.