अक्का, जेवलासा का?

प्रिय आत्या,

'उद्या बोलू' म्हणून तू मला गप्प केलंस. उपासावरून चाललेलं आपलं भांडण हॉस्पिटलमध्ये अर्ध्यावर राहिलं आणि दुसऱ्या दिवशी तू नव्हतीसच. आता ते मी कोणाशी संपवू? बाबांपाशी विषय काढला की ते ताटावरून उठून जातात. म्हणून तुलाच लिहितेय. आणि आजच लिहितेय, कारण काल मारुती परत आला आणि आज सकाळी त्याने मला एक प्रश्न विचारला.

हो, तोच. यशवंतपूरच्या मार्केटात पोती उचलणारा, बेळगावकडचा, फ्लायओव्हरखाली झोपणारा. तू गेल्यापासून तो आपल्या हॉलकडे फिरकलाच नव्हता.

पण आधी मला तुझ्यावर नीट चिडू दे.

तुझं बाकी सगळं मला पटायचं. दत्ताच्या देवळामागचा हॉल, सकाळची आरती, मग गोल करून बसायचं आणि काल दारू घेतली की नाही ते खरं सांगायचं. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या, त्यावर गरम खारा भात, तो आपला तिखट उपमा. दुपारी जो तो परत आपापल्या फुटपाथवर. झोपायला जागा आपल्याकडे नाही, हे तू प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायचीस. "रात्र तुझी तू सांभाळ, सकाळ मी सांभाळते." हे ऐकूनच तर मी कॉलेज संपल्यावर जे. पी. नगरहून रोज मेट्रोने यायला लागले. रंगीत चार्ट केले, व्हॉट्सॲप ग्रुप केला. "ज्यांच्याकडे फोन नाहीत त्यांचा ग्रुप? भारी हं, पुट्टी," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस, तेही मी गिळलं.

पण तो उपास!

कोणी प्यायलं की तू जेवण सोडायचीस. त्याला रागवायचं नाही, काढून टाकायचं नाही. आपली थाळी पालथी घालायची आणि हसत हसत बाकीच्यांना वाढत फिरायचं. तो माणूस परत येऊन "अक्का, काल नाही घेतली" म्हणेपर्यंत नुसत्या चहावर. शुगरची पेशंट तू! हे कुठल्या पोथीत लिहिलंय, सांग ना? भटजींना विचारलं तर ते म्हणाले, "असलं काही नाही बाई, हे तुमच्या आत्याचं स्वतःचं."

त्यामुळे रोज सकाळी दारातूनच आवाज यायचा, "अक्का, जेवलासा का?" तू हो म्हणालीस की सगळ्यांचे खांदे खाली यायचे. नाही म्हणालीस की सगळे एकमेकांकडे बघायला लागायचे. त्यांच्यातलाच, आता भात रांधणारा रामण्णा तर म्हणतो, "अक्का उपाशी असली की आम्हाला चढायचीच नाही ताई, पैसे पाण्यात." त्यावर सगळे हसतात. मला हसू येत नाही.

मी तुला म्हटलं होतं, हे इमोशनल ब्लॅकमेल आहे. दारू हा आजार आहे, मग आजाऱ्याला शिक्षा का, आणि तीही तुझ्या पोटातून? तू भाताखालचा गॅस बंद करत म्हणालीस, "स्वल्प थांब. यांच्यावर रागावणारे खूप आहेत, पुट्टी. यांच्यासाठी कोणी जेवायचं थांबलंय, असं यांच्या आयुष्यात शेवटचं कधी झालं असेल?"

 हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो.

मग मारुती घसरला आणि आलाच नाही. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही. तू वाट बघत राहिलीस, चहावर. आम्ही सगळ्यांनी हात जोडले. "येईल तो," एवढंच तुझं. आणि वाढता वाढता हॉलमध्येच खाली बसलीस, तिथून थेट हॉस्पिटल.

डॉक्टर म्हणाले, हार्ट आधीपासूनच कमजोर होतं, उपासाने झालं असं नाही म्हणता येणार. पण हे मारुतीला कोण सांगणार? फ्लायओव्हरखाली मी किती वेळा गेले. मला लांबून बघितलं की तो दुसऱ्या बाजूने उतरून जायचा. तू त्यांना देव दिलास, गोळ्या दिल्यास, सकाळ दिलीस. आणि जाताना एका माणसाच्या डोक्यावर स्वतःचं मरण ठेवून गेलीस. याचा विचार केला होतास का गं?

काल तो आला. आत नाही, चपलांपाशी उभा. हात थरथरत होते, तोंडाला वास.

"आत या ना," मी म्हटलं.

"घेतलीया ताई."

"मग? घेऊन येणारे तुम्ही पहिले का?"

"अक्का माझ्यापायी गेली."

"डॉक्टर म्हणाले हार्ट होतं."

"हार्टच की. मी येतोय का बघत बसलेलं हार्ट."

आतले सगळे दाराकडे बघायला लागले.  मग मारुतीने खाली बघत विचारलं, "आता माझ्यापायी कोण उपाशी राहणार, ताई?"

आत्या, सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मला कळत होतं काय अपेक्षित आहे. थाळी पालथी घालायची, बस. सोपं होतं. आणि माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! मी आत गेले, खारा भात वाढून घेतला आणि त्याच्यासमोर पायरीवर येऊन बसले.

"कोणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही प्यायलात आणि मी जेवतेय. बघा."

मी घास घेतला. त्याने असं बघितलं, जणू मी देवाला पाठ दाखवली. मी खात राहिले. मग तो पायरीच्या दुसऱ्या टोकाला टेकला. म्हणाला, "मीठ जास्त पडलंय काय? डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या."

"रामण्णाने केलाय," मी म्हटलं.

"मग बरोबर." आतून रामण्णा ओरडला, "नावं ठेवायला बरा आलास रे!" मी आतून दुसरी थाळी आणून पुढे सरकवली. चार घास खाल्ले त्याने. थरथर बघून रामण्णा त्याला रिक्षात घालून सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेला. डॉक्टरांनी औषध बदललं आणि रोज येऊन दाखवायला सांगितलं.

हे ऐकून तुला आनंद झाला असेल. मला अजून रागच आहे, हे लक्षात ठेव.

तरी तुला शब्द देते. आरती, गोळ्या, गरम भात, सगळं तसंच चालेल. जो येणार नाही त्याला शोधायला मी जाईन, त्याने तोंड फिरवलं तरी. पण कोणासाठीही उपाशी राहणार नाही. रोज त्यांच्यात बसून, त्यांच्यादेखत जेवेन. अगदी सगळे प्यायलेले असले तरी.

आज सकाळी मारुती आला. अंघोळ केलेली, हात जरा शांत. चपलांपाशी थांबून त्याने विचारलं, "ताई, जेवलासा का?"

मी म्हटलं, "हो. जेवले."

"सरी, बरं," म्हणाला तो, आणि आत येऊन तू टेकून बसायचीस त्या खांबापाशी बसला. पण त्याआधी क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, ते मला वाचता आलं नाही. तुला आलं असतं. तो मोकळा झाला, आत्या, की आपल्यासाठी आता कोणीच थांबत नाही असं वाटलं त्याला? तुला काय वाटतं?

तुझी,
पुट्टी