दुसरा टीव्ही

३ मार्च, मंगळवार

आला एकदाचा टीव्ही! खोक्यातून काढला तर अर्ध्या भिंतीएवढा. हे पलंगावरून बघत होते. बघत होते म्हणजे, मान त्या दिशेला होती.

पक्षाघाताला आज सात आठवडे झाले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालतो. पाटी-पेन्सिल देऊन पाहिली, नुसत्या रेघोट्या उमटतात. मग स्वतःच पाटी ढकलून देतात.

रविवारी फुटबॉलची फायनल आहे. ह्यांचे लाडके निळे एकवीस वर्षांनी फायनलला आलेत. डॉक्टरांनी मला दाराबाहेर बोलावून सांगितलं, हृदय थकलंय, त्यांच्या मनासारखं जे करता येईल ते करून घ्या. ह्यांचं मन म्हणजे फुटबॉल, दुसरं काय! इतकी वर्षं त्या खेळांच्या ॲपवर सामने बघायचे, तेही फोनवर, डोळे बारीक करून. घरात टीव्ही असताना फोनवर का बघता, असं मी शंभरदा विचारलं असेल. "सवय" म्हणायचे. आता फोन हातातून निसटून छातीवर आपटतो. म्हणून जुना टीव्ही काढून हा आणला. रविवारच्या आत त्यावर ते ॲप आणायचं. एवढं एक तरी माझ्या हातून व्हावं.

४ मार्च, बुधवार

मी तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये बोर्डावर बसले. एका वेळी चाळीस लाइनी सांभाळल्या, कधी चुकीची जोडली नाही. आणि या रिमोटने आज माझ्या नाकी नऊ आणले! एकेक अक्षर बाणाने शोधायचं. 'प'वर थांबावं तर 'फ' उमटतो. पासवर्ड माहीत नाही तो नाहीच. शेवटी हात टेकले आणि टीव्हीवाल्याला फोन केला. उद्या येतो म्हणाला.

टीव्ही जिथे टांगलाय तिथे पूर्वी खंड्याच्या संघाचा फोटो होता. खंड्या म्हणजे आमचा लेक. खंड्या पक्ष्यासारखी झेप घेतो म्हणून ह्यांनीच ठेवलेलं नाव. आणि तो फोटो उतरवलाही ह्यांनीच, सहा वर्षांपूर्वी. निवडीचा सामना होता, निवड करणारी माणसं खुर्च्या टाकून बसली होती. खंड्याने शेवटच्या मिनिटाला गोल मारला आणि लाइन्समनने निशाण वर केलं. ऑफसाइड. लाइन्समन कोण? हे! घरी आल्यावर पोरगं स्वयंपाकघरात उभं राहून एवढंच म्हणालं, "बाबा, माझ्याकडे बघून सांगा, होता का ऑफसाइड?" ह्यांनी पाहिलं नाही. "निशाण वर गेलं की गेलं," म्हणाले. महिन्याभरात तो घर सोडून गेला. नंबर बदलला, पत्ता कळवला नाही. ह्यांनी त्याचं नाव टाकलं आणि मलाही घेऊ दिलं नाही.

ह्यांचं सगळं करते मी. पण ते माफ केलेलं नाही. लिहून ठेवते, कारण बोलायला आता समोर भांडणारं माणूस उरलं नाही.

५ मार्च, गुरुवार

ॲप सुरू झालं! पण काय भानगड निघाली!

टीव्हीवाला चष्मा कपाळावर चढवून बसला. टीव्हीवर सहा आकडे आले, ते त्याने ह्यांच्या फोनवर टाकले. झालं असं वाटलं, तर पडद्यावर पाटी — या खात्यावर एक फोन आणि एकच टीव्ही चालतो, आणि तुमचा टीव्ही आधीच जोडलेला आहे. कुठला टीव्ही? जुन्यावर तर हे कधी आलंच नव्हतं. त्याने यादी उघडली. कुठल्या तरी लांबच्या शहरातला टीव्ही, कालच संध्याकाळी वापरलेला. नाव दिलंय 'पाहुणा'.

टीव्हीवाला म्हणाला, बाई, तुमचा पासवर्ड कुणीतरी लाटलाय, असे फुकटे खूप असतात. 'सगळीकडून बाहेर काढा' असं बटण होतं. ते दाखवल्याबरोबर हे घशातून आवाज काढायला लागले. डावा हात पलंगाच्या कठड्यावर आपटत राहिले. मला वाटलं, चोराचा राग आला. म्हटलं, थांबा, त्याचा आत्ता बंदोबस्त करते. आणि दाबलं.

पाच मिनिटांत ह्यांच्या फोनवर एका विनानावाच्या नंबरवरून निरोप आला. एकच शब्द. "कोड?" टीव्हीवाला हसायलाच लागला, चोर तो चोर वर कोड मागतोय! त्याने सांगितलं तसा मी तो नंबर अडवून टाकला. नको असलेली लाइन खाडकन तोडायची बोर्डावरची सवय कामी आली. खरं सांगायचं तर किती दिवसांनी मला जिंकल्यासारखं वाटलं.

६ मार्च, शुक्रवार

हे जेवले नाहीत. दिवसभर भिंतीकडे तोंड.

७ मार्च, शनिवार

फोन हवाय ह्यांना. मी तो कपाटात ठेवलाय, तर सारखं कपाटाकडे बोट. गेले कित्येक दिवस तो छातीवर धरून अंगठ्याने काहीतरी खुडखुड करत असायचे, मग दमून जायचे. आता एवढा मोठा टीव्ही आणलाय, तो बघा की! मी रागावले. नंतर वाईट वाटलं.

त्या फोनवर ॲपकडून तीनदा आकडे आले. खाली लिहिलेलं असतं, हा कोड कुणालाही देऊ नका. मी कशाला देते!

८ मार्च, रविवार

फायनल. चित्र इतकं स्वच्छ की गवताचं पातं दिसावं. पाठीला तीन उशा लावून ह्यांना बसवलं. पण ह्यांनी पाहिलं नाही. सगळा सामना कपाटाकडे डोळे. शेवटच्या मिनिटाला निळे जिंकले, खालच्या रस्त्यावर आरडाओरडा झाला. ह्यांच्या डोळ्यातून पाणी आलं. मी पुसलं. मला वाटलं, आनंदाने.

१० मार्च, मंगळवार

हे गेले. सकाळी साडेसातला. मी चहा गाळत होते.

१४ मार्च, शनिवार

लोक येतात, बसतात, जातात. नणंद रोज तेच विचारते, खंड्याला कळवलं का? कुठे कळवू? त्याच्या जुन्या मित्रांना विचारून झालं. कुणाकडे नंबर नाही. बाप गेल्याचं पोराला ठाऊक नाही. तो कुठेतरी नेहमीसारखा जेवत असेल, हसत असेल. हे विचार पोटात घेऊन मी लोकांना पाणी देते.

१६ मार्च, सोमवार

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा एक्सचेंजचा पहिला नियम. तो मी घरातही पाळला. ह्यांचे निरोप बत्तीस वर्षांत कधी उघडले नाहीत. आज उघडले, कारण ह्यांच्या मैदानावरच्या मित्रांना कळवायचं होतं.

'अडवलेले' म्हणून एक कप्पा आहे. त्यात पाच निरोप होते.

"कोड?"

"कोड?"

"बाबा, फायनल सुरू होतेय."

"बाबा, बघताय ना?"

"माझं काही चुकलं का?"

खंड्या!

अडवलेला नंबर सोडवला आणि मागचं सगळं वाचलं. चार वर्षांचं. दर महिन्याला ॲप नवा कोड मागायचं, तो ह्यांच्या फोनवर यायचा; मग त्याचं "कोड?" आणि ह्यांचे सहा आकडे. बस! ना कसा आहेस, ना कुठे आहेस. एकदाच, दोन वर्षांपूर्वीच्या एका रविवारी, खंड्याने विचारलंय, "आजचा होता का ऑफसाइड?" ह्यांनी लिहिलंय, "होता." एवढंच बापलेकांचं बोलणं.

आणि टीव्ही! खात्यावर एकच टीव्ही चालतो, म्हणून ती जागा पोराच्या टीव्हीला दिली आणि स्वतः फोनवर डोळे फोडत बसले. सवय म्हणे! दोघं एकच सामना एकाच वेळी बघायचे, आणि मी शेजारी बसून मनातल्या मनात ह्यांना दगड म्हणत होते. मला का नाही सांगितलं? मी काय खाल्लं असतं का तुम्हाला?

ती लाइन मी तोडली. माझ्या हाताने, ह्यांच्या डोळ्यांदेखत.

१७ मार्च, मंगळवार

काल रडण्यात एक दिसलंच नव्हतं. निरोपांच्या तळाशी, लिहायच्या चौकोनात, न पाठवलेलं काही होतं. डाव्या अंगठ्याने, कोण जाणे किती दिवस खपून लिहिलेलं —

"तुझा ऑफसाइड नव्हता"

आधी ह्यांचं जाऊ दे, मग माझं लिहीन, असं म्हणून मी ते पाठवलं. माझं पहिलं अक्षर शोधेपर्यंत त्याचं उत्तर आलंसुद्धा.

"बाबा, मी निघतोय. उद्या सकाळी पोचतो. आईला सांगू नका, तिला दारातच बघू दे."

तासभर झाला. फोन मांडीवर आहे. जन्मभर लोकांचे नंबर लावून दिले, हा एक लावायला हात उचलत नाही.